वाघिणींचा कानोसा

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. इंग्रजी 'वॅगन' रुळांवरून इथे आली आणि बोलणाऱ्यांच्या तोंडी तिची वाघीण झाली. नाव दराऱ्याचे, पण रेल्वेच्या सगळ्या पसाऱ्यात वाघिणीइतके मुके दुसरे काही नाही. उतारूंच्या डब्यात धूर आला, करकर वाढली, तर कोणीतरी साखळी ओढते. इंजिनात ड्रायव्हर असतो. वाघिणीत कोळसा असतो, सिमेंट असते, साखरेची पोती असतात. तिला दिवा नाही, पंखा नाही, विजेची तारही नाही. तिचे काही बिघडले तर ते बाहेरच्या कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते.

गेली वीस-पंचवीस वर्षे जगभरचे अभियंते या मुक्या वाघिणीला बोलते करण्याच्या खटपटीत आहेत. कल्पना साधी आहे. प्रत्येक वाघिणीवर एक छोटी डबी बसवायची. ती डबी चाकाच्या आसाचे तापमान, हादरे, दाराची स्थिती मोजील आणि शेजारच्या वाघिणीवरच्या डबीला बिनतारी कळवील. ती पुढच्या डबीला सांगील. असा निरोप वाघिणीमागून वाघीण ओलांडत इंजिनापर्यंत जाईल. याला 'वायरलेस सेन्सर नेटवर्क' म्हणतात. आपण बिनतारी संवेदकांचे जाळे म्हणू.

मी अभियंता नाही. सोलापूर भागातल्या रेल्वेचा इतिहास गॅझेटियर, जुने कायदे आणि रेल्वेची पुस्तके यांतून जमेल तसा वाचत आलो आहे. या वाचनातून माझे असे मत झाले आहे की, हे जाळे एका फार जुन्या प्रश्नाला दिलेले नवे उत्तर आहे. वाटेत वाघिणीचे आणि तिच्यातल्या मालाचे काय झाले हे कोणाला कळते, आणि जे कळले ते कोणाला सांगावे लागते, असा तो प्रश्न आहे. त्याचा पहिला भाग यंत्राचा, दुसरा कायद्याचा आणि व्यवहाराचा. सोलापूरच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या मालवाहतुकीत पहिल्या भागाची उत्तरे सतत बदलत गेली. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिले.

रूळ आला, घाट राहिला

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातली 'जीआयपी', १८६० साली सोलापुरात पोचली. त्याआधी १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रूळ झाला होता. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गाडी १८५६ पासूनच धावत होती. मधला बोर घाट मात्र २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे सोलापूरचा कापूस आगगाडीने खंडाळ्यापर्यंत जाई, तिथे उतरे, घाट उतरून पुन्हा गाडीत चढे आणि मग मुंबई गाठी. हा खोळंबा व्यापाऱ्याला परवडणारा नव्हता, विशेषतः अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले असताना. पण त्या खोळंब्यात एक गोष्ट आपसूक घडत होती. प्रत्येक चढउतारात गाठ माणसाच्या हाताखालून जात होती. भिजली, फाटली, कमी भरली, तर ते तिथेच दिसत होते.

बोर घाट झाला तो पंचवीस बोगद्यांचा, काही ठिकाणी सदतिसास एक अशा चढाचा आणि मध्यावर गाडीला उलट दिशेने वळवणाऱ्या 'रिव्हर्सिंग स्टेशन'चा. त्या काळी त्याची गणना जगातल्या अवघड रेल्वेकामांत झाली. तो खुला झाल्यावर सोलापुरात बंद झालेले वाघिणीचे दार थेट मुंबईत उघडू लागले. १८७१ मध्ये रायचूरला जीआयपी आणि मद्रास रेल्वे एकमेकींना मिळाल्या आणि सोलापूर मुंबई-मद्रास या मोठ्या वाटेवरचे ठाणे बनले. सहा वर्षांनी, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. तिलाच पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. १८८४च्या सोलापूर गॅझेटियरात जिल्ह्यातल्या स्टेशनांवरून किती उतारू गेले, किती टन माल गेला, याचे तक्ते आहेत. किती माल गेला हे त्यांतून कळते. कोणत्या स्थितीत पोचला हे त्यांत नाही, कारण तक्ता करणाऱ्याला ते कोणी विचारलेले नव्हते.

कान, नाक आणि तळहात

बैलगाडी हाकणाऱ्याला आस कोरडा पडल्याचे कानांनी कळते. रेल्वेतही पुष्कळ काळ हीच विद्या चालली. वाघिणीच्या आसाचे टोक ज्या पेटीत फिरते ती 'एक्सल बॉक्स'. तिच्यात पितळेचे बेअरिंग, त्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचा लेप, आणि खाली तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा. तेल आटले, बोळा सरकला, धूळ गेली, की आस तापे. आधी वास येई, मग धूर, मग रात्रीच्या अंधारात लाल ठिपका. तरी लक्ष गेले नाही तर आसाचे टोक झिजून तुटे आणि वाघीण रुळावरून उतरे. रेल्वेच्या भाषेत याला 'हॉट एक्सल' म्हणतात, आणि स्टेशनवरच्या पोर्टरपासून डिव्हिजनच्या साहेबापर्यंत सगळ्यांना हा शब्द ठाऊक असतो.

याच्यावर नजर ठेवण्याची जी व्यवस्था होती ती माणसांच्या साखळीची होती. मोठ्या स्टेशनात गाडी शिरताना 'टीएक्सआर', म्हणजे ट्रेन एक्झॅमिनर, आणि त्याची माणसे रुळाच्या दोन्ही बाजूंना उभी राहत. येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून चपट झालेले चाक ओळखू येई. अशा चाकाचा ठोका प्रत्येक फेऱ्याला पडतो. गाडी थांबली की एक्सल बॉक्सला हात लावून ताप पाहायचा, हातोडीने चाक वाजवायचे. निकोप चाक घंटेसारखे वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. बाजारात मडके टिचकी मारून घेणाऱ्या बाईला हे शिकवावे लागणार नाही.

न थांबता जाणाऱ्या गाडीसाठी वेगळी रीत होती. स्टेशनमास्तर, सांधेवाला, केबिनमन, फाटकावरचा गेटमन, सगळ्यांनी जाणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभे राहायचे; सर्व ठीक असेल तर हिरवा झेंडा, रात्री हिरवा दिवा. धूर दिसला, दार लोंबकळले, साखळी घासत चालली, तर लाल. शेवटच्या ब्रेकव्हॅनमधून गार्ड त्याला उत्तर देई. त्या ब्रेकव्हॅनमागे दिवा किंवा 'एलव्ही' अशी पाटी असे. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, मध्ये तुटून निम्मी मागे राहिलेली नाही, याची स्टेशनमास्तरला खात्री पटे. मग तो मागच्या स्टेशनला वाट मोकळी झाल्याचे कळवी. फलाटावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपण बाहेरचे लोक गाडीला निरोप देणारा समजतो. खरे तर तो सातशे मीटर लांबीच्या यंत्राची एका मिनिटात तपासणी करत असतो.

या साखळीचे बळ असे की पाहणारा आणि थांबवणारा एकच होता. गेटमनला धूर दिसला की त्याच्याच हातात लाल झेंडा असे. तिची उणीव अशी की तिची लेखी नोंद जवळजवळ फक्त बिघाड सापडला तेव्हाच होई. हजारो गाड्या नीट पाहून पुढे पाठवणाऱ्या माणसांचे ज्ञान कागदावर आले नाही.

बार्शीचा धडा

जिल्ह्यातल्याच एका रेल्वेने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची 'बार्शी लाइट रेल्वे' १८९७ मध्ये सुरू केली. बार्शीची बाजारपेठ कापसाची आणि धान्याची. तोवर तिचा माल वीस-बावीस मैल बैलगाडीने स्टेशनपर्यंत यायचा. कॅलथ्रॉपने नियम असा केला की इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला गेला म्हणून त्याला यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरला आणि त्याच रुळावरून भरपूर माल नेता आला.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, कॅलथ्रॉपने वाघिणीच्या तब्येतीची काळजी आराखड्याच्या कागदावरच घेतली. एकसारख्या वाघिणी, एकसारखा भार. मग कुठे काही वेगळे घडले तर ते चटकन उठून दिसते. पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली. कुर्डुवाडीची रेल्वे कार्यशाळा ही तिचीच ठेव. आजचे संवेदक-तज्ज्ञ सुद्धा पहिली गोष्ट हीच सांगतात: आधी निरोगी वाघिणीचे मोजमाप ठरवा, मग आजारी वाघीण ओळखता येईल.

दोष कोणाचा?

आतापर्यंत सांगितली ती सुरक्षेची बाजू. वाघीण तपासण्याचे दुसरे कारण पैशाचे होते. एका कंपनीची वाघीण दुसरीच्या रुळावर गेली आणि तिथे मोडली, तर भरपाई कोणी द्यायची? १८८४ मध्ये सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज गदग-विजापूरहून होटगीला येऊन भिडला; तिथे रुळाची रुंदीच बदलत असल्याने माल एका गाडीतून दुसरीत भरावा लागे. रायचूरला रुंदी तीच, पण मालक वेगळा. अशा नाक्यांवरचे वाद वाढले. १९०३ साली रेल्वे कंपन्यांनी 'इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन' स्थापली आणि पुढे तिच्यामार्फत अदलाबदलीच्या स्टेशनांवर तटस्थ तपासनीस नेमले गेले. कोणत्याच कंपनीचा नोकर नसलेला माणूस वाघीण पाहून दोष लिहून देई. म्हणजे निरीक्षकाने निःपक्ष असावे ही गोष्ट कंपन्यांनी आपापसांत मान्य केली होती.

माल पाठवणाऱ्याच्या वाट्याला मात्र असा तटस्थ माणूस आला नाही. १८९०च्या रेल्वे कायद्याखाली 'रिस्क नोट' नावाचे छापील फॉर्म होते. कमी दराने माल पाठवायचा तर व्यापाऱ्याने सही करायची की जोखीम माझी. माल हरवला किंवा बिघडला तर रेल्वेच्या नोकरांचा दोष त्यानेच सिद्ध करायचा. बार्शीच्या अडत्याने किंवा सोलापूरच्या गिरणीमालकाने हे करायचे कसे? गाडीबरोबर तो नव्हता. गार्डची वही, स्टेशनची नोंद, टीएक्सआरचा शेरा, सगळे रेल्वेच्या कपाटात.

हा अन्याय सरकारलाही काही प्रमाणात पटला असावा. १९२४ मध्ये रिस्क नोटेचे फॉर्म बदलले आणि त्यांत एक नवी अट आली. माल आपल्या ताब्यात होता त्या सगळ्या काळात त्याचे काय काय केले, हे रेल्वेने आधी उघड करायचे, लागल्यास पुरावा द्यायचा. त्यानंतरच मालकाने दोष सिद्ध करायचा. १९३७ साली सुरतेच्या एका कापड गिरणीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने या अटीचा अर्थ स्पष्ट केला. वाटेत काय झाले हे कळण्याचा मालकाचा हक्क त्या निकालाने ठसठशीत झाला. १९६१च्या दुरुस्तीने रेल्वेची जबाबदारी वाढली, १९८९ मध्ये नवा रेल्वे कायदा आला. त्याच्या ९७व्या कलमात, मालकाच्या जोखमीवर पाठवलेल्या मालासाठी, १९२४चीच ती अट आजही आहे. पण ती दोन प्रसंगांपुरती: माल पोचलाच नाही तर, किंवा वाटेत चोरी झाली तर. या दोन प्रसंगांकडे आपल्याला लेखाच्या शेवटी परत यायचे आहे.

वाटेवरचे डोळे कमी झाले

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ रोजी नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि अकरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, परत मध्य रेल्वेत आला. कागदावरच्या या हालचालींपेक्षा मोठा बदल वाघिणीच्या पोटाखाली झाला. पितळी बेअरिंगची जागा बंदिस्त रोलर बेअरिंगने घेतली. चार चाकांच्या जुन्या वाघिणी गेल्या. आठ चाकांच्या 'बॉक्सएन'सारख्या मोठ्या, हवेच्या ब्रेकच्या वाघिणी आल्या. अशा अठ्ठावन्न वाघिणींची एक गाडी, जिला रेल्वेत 'रेक' म्हणतात, कोळसा घेऊन निघते. होटगीजवळच्या एनटीपीसीच्या १,३२० मेगावॅटच्या केंद्राला असेच रेक लागतात. शहाबाद-वाडीचे सिमेंट याच विभागातून जाते.

रोलर बेअरिंग क्वचित तापते, हे खरे. पण ते बंद पेटीत असते. तेल दिसत नाही, बोळा दिसत नाही. आणि बिघडले की फार वेगाने बिघडते. दुसरीकडे तपासणीमधले अंतर वाढले. पूर्वी गाडी ठरावीक स्टेशनांवर पुन्हा पुन्हा तपासली जाई. आता ठरलेल्या चक्रात फिरणाऱ्या रेकची एकदा कसून तपासणी करून 'ब्रेक पॉवर सर्टिफिकेट' दिले की तो ७,५०० किलोमीटरपर्यंत त्याच प्रमाणपत्रावर फिरू शकतो. यात वेळ वाचतो, वाघिणी जास्त फेऱ्या करतात, आणि तपासणी एका ठिकाणी नीट होते. मात्र वाटेवरच्या टीएक्सआरची नजर उरत नाही.

त्याच काळात फाटके बंद होऊन पूल आणि भुयारी रस्ते झाले. लोक वाचले, वाहने खोळंबेनाशी झाली; त्यात वाईट काही नाही. पण गेटमनच्या दोन डोळ्यांची जागा भुयारी रस्ता घेत नाही. केबिनी गेल्या. गाडी पुरी आली का, हे आता रुळावरचा 'एक्सल काउंटर' चाके मोजून सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये गार्डचे नाव 'ट्रेन मॅनेजर' झाले, आणि शेवटच्या वाघिणीवर बिनतारी यंत्र लावून गार्डशिवाय मालगाडी चालवण्याचे प्रयोगही सुरू आहेत. मुंबई-मद्रास वाटेवर सोलापूर विभागातले दुहेरीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी याच विभागातल्या औसा रोड-लातूर रोड टप्प्यावर मध्य रेल्वेचे शंभर टक्के विद्युतीकरण संपले. गाड्या वाढल्या, वेग वाढला, लांबी वाढली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी छत्तीसगडात पाच रेक जोडून २९५ वाघिणींची 'सुपर वासुकी' चालवली गेली. तिची लांबी साडेतीन किलोमीटर होती. ब्रेकव्हॅनमधून पुढे पाहणाऱ्या माणसाला अशा गाडीचे काय दिसणार?

रुळाकाठचे कान

यावर भारतीय रेल्वेने जो उपाय निवडला तो वाघिणीवर यंत्र लावण्याचा नव्हता. तिने रुळाकाठी यंत्रे बसवली. आयआयटी कानपूर आणि लखनौची 'आरडीएसओ' यांनी मिळून 'व्हील इम्पॅक्ट लोड डिटेक्टर' तयार केला. रुळावर लावलेले संवेदक प्रत्येक चाकाचा आघात मोजतात. चपट चाक पकडले जाते. तापलेला आस दुरून उष्णतेवरून ओळखणारी यंत्रे आहेत. आणखी एका व्यवस्थेत रुळाकाठी मायक्रोफोन असतात. धावत्या बेअरिंगचा आवाज ऐकून ते आतला बिघाड आस तापण्याआधी सांगतात. हातोडीवाल्या माणसाचा कान असा पुन्हा रुळाशी आला.

वाघिणीची ओळख पटवण्यासाठी तिच्या अंगावर 'आरएफआयडी' टॅग लावले जात आहेत. या टॅगला स्वतःची बॅटरी नसते. रुळाकाठचे यंत्र रेडिओलहर पाठवते, तिच्याच शक्तीवर टॅग आपला क्रमांक परत पाठवतो. अमेरिकेत १९६७ मध्ये यासाठी रंगीत पट्ट्यांची 'कारट्रॅक' नावाची व्यवस्था आणली होती. पट्ट्यांवर धूळ आणि काजळी बसली, वाचक यंत्रे चुकू लागली, आणि दहाएक वर्षांत ती मोडीत निघाली. कोळशाच्या वाघिणी पाहिलेल्या सोलापूरकराला याचे नवल वाटणार नाही. रेडिओलहरीला धुळीची पर्वा नसते.

रुळाकाठी यंत्र बसवण्यामागचे गणित उघड आहे. देशात वाघिणी तीन लाखांहून अधिक. मोक्याच्या जागा त्या मानाने थोड्या. शिवाय वाघीण एका विभागाची नसते. आज होटगीला रिकामी झालेली वाघीण पुढच्या महिन्यात कुठे असेल सांगता येत नाही. रुळाकाठचे यंत्र मात्र जागेवर असते, त्याला वीज मिळते, त्याची देखभाल होते.

त्याची मर्यादा ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावी दिसली. एका मालगाडीचे बेअरिंग तापत होते. पहिल्या यंत्राने हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त तापमान नोंदवले, दुसऱ्याने १०३. कंपनीच्या नियमाप्रमाणे गाडी तातडीने थांबवण्याची मर्यादा २०० होती, म्हणून गाडी चालत राहिली. तिसरे यंत्र सुमारे वीस मैलांवर होते. तिथे आकडा २५३ आला आणि चालकाला इशारा मिळाला, पण तोवर आस गेला होता. ३८ वाघिणी घसरल्या. काहींत विषारी रसायने होती. यंत्रे चालू होती, नोंदी बरोबर झाल्या होत्या. दोन यंत्रांच्या मधल्या वीस मैलांत काय चालले आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि १०३ हा आकडा पुरेसा गंभीर नाही हे आधीच ठरलेले होते.

वाघिणीवरचे जाळे

हे मधले मैल भरून काढण्यासाठीच संवेदक वाघिणीवर न्यायचा. १९९०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी नखाएवढ्या, स्वतः मोजणाऱ्या आणि बोलणाऱ्या यंत्रांची कल्पना मांडली. २००३ मध्ये कमी विजेवर चालणाऱ्या अशा रेडिओसाठी '८०२.१५.४' हे मानक आले. शेतात, कारखान्यात, पुलांवर अशी जाळी लागली. मालगाडी मात्र या विद्येला अवघड गेली, आणि का गेली हे समजून घेण्यासारखे आहे.

शेतात डब्या चहूकडे पसरलेल्या असतात. एक बंद पडली तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. गाडीत त्या एका ओळीत असतात. विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून घागर हातोहात द्यावी, तशी गत. मधला एक माणूस बसला की रांग तुटली. म्हणून निरोप एक वाघीण ओलांडून पुढच्या वाघिणीला देण्याची सोय करावी लागते. त्याला जास्त वीज लागते. पुन्हा इंजिनाजवळच्या डबीला मागच्या सगळ्यांचे निरोप वाहून न्यावे लागतात, म्हणून तिची बॅटरी आधी संपते. वाघिणीत वीज नाही, हे आपण पाहिलेच. मग डबीने बहुतेक वेळ झोपायचे, ठरल्या क्षणी जागे व्हायचे, किंवा हादऱ्यांतून अथवा उन्हातून वीज मिळवायची.

आणखी एक अडचण यार्डात उभे राहिले की डोळ्यांना दिसते. बॉक्सएन वाघीण सुमारे पावणेअकरा मीटर लांब असते. शेजारच्या दोन रुळांमधले अंतर पाच मीटरच्या आसपास. म्हणजे दोन रेक शेजारी उभे असले तर डबीला आपल्या गाडीतल्या डबीपेक्षा परक्या गाडीतली डबी जवळ असते. आपण कोणत्या गाडीत आहोत हे तिला कसे कळावे? यावर सुचवलेला एक उपाय मला फार आवडतो: ज्या डब्यांना एकाच वेळी हिसका बसतो त्या एका गाडीतल्या.

आपल्याकडे या विद्येचा रेल्वेसाठी झालेला एक उत्तम प्रयोग वाघिणीऐवजी पुलासाठी होता. आयआयटी कानपूरमध्ये कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रमण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रिमॉन' ही रचना केली आणि २००८ मध्ये ती मांडली. हे दोघे पुढे मुंबईच्या आयआयटीत आले. पुलावरच्या डब्या झोपलेल्या असतात. येणाऱ्या गाडीच्या रेडिओची चाहूल लागली की जाग्या होतात, गाडी जाताना पुलाची थरथर मोजतात, आणि ही मोजमापे पुढच्या गाडीच्याच स्वाधीन करतात. आडरानातल्या पुलाला टेलिफोनची तार नको. गाडीच त्याची टपालवाली. दीडशे वर्षे माणसे गाडीकडे पाहत उभी राहिली. इथे पूल गाडीची वाट पाहतो.

वाघिणीवरचे जाळे आपल्याकडे उद्या येईल की दहा वर्षांनी, हे सांगणे माझे काम नाही. अमेरिकेत आणि युरोपात काही कंपन्या आपल्या वाघिणींवर संवेदक बसवू लागल्या आहेत. तिथे वाघीण पुष्कळदा खाजगी मालकाची असते, म्हणून मालक खर्च करतो आणि माहितीही मालकाकडे जाते. आपल्याकडे बहुतेक वाघिणी रेल्वेच्या. खर्च तिचा आणि माहितीही तिची. इथे प्रश्नाचा दुसरा भाग समोर येतो.

सांगोल्याची पावती

२८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी 'किसान रेल' सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. फुलकोबी, ढोबळी मिरची, शेवगा, कांदा आणि त्यांच्याबरोबर द्राक्षे, संत्री, डाळिंबे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सांगोल्याचा शेतकरी दुष्काळी माळावर ठिबकाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो. बागेतली ओल मोजणारे संवेदक त्याला नवे नाहीत. फळ झाडावर असते तोवर त्याला सगळे कळते. क्रेट गाडीत चढला की तो आंधळा होतो. डबा उन्हात किती तास उभा होता, आत किती उकडत होते, धक्का कुठे बसला, हे त्याला कळते ते दोनएक हजार किलोमीटरवरच्या अडत्याच्या फोनवरून. अडत्याने 'माल नरम आला' म्हटले की भाव पडतो. ते खरे की खोटे, हे ठरवायला त्याच्या हातात काही नसते.

१९२४च्या फॉर्ममधल्या अटीचे शब्द आठवावेत: माल ताब्यात होता त्या सगळ्या काळात त्याचे काय झाले. त्या काळी या प्रश्नाला पुरे उत्तर देणे रेल्वेलाच शक्य नव्हते. गार्डची वही फार तर गाडी कुठे किती वाजता होती ते सांगे. बंद दाराआडचे कोणालाच ठाऊक नव्हते. संवेदकांचे जाळे हे उत्तर मिनिटामिनिटाने देऊ शकते, आणि म्हणूनच आता कायद्याच्या अटीतली फट डोळ्यांवर येते. हरवलेल्या आणि चोरीला गेलेल्या मालाचा वृत्तान्त सांगण्याचे बंधन आहे. उकाड्याने नासलेल्या फळाचा त्यात समावेश नाही. उद्या डब्यातले तापमान नोंदले गेले आणि ती नोंद रेल्वेच्याच संगणकात राहिली, तर सांगोल्याचा शेतकरी रिस्क नोटेवर सही करणाऱ्या बार्शीच्या अडत्यापेक्षा पुढे गेला असे म्हणता येणार नाही. फरक एवढाच पडेल की पूर्वी माहिती नव्हती, आता असून मिळणार नाही.

सुरक्षेच्या बाबतीतही हेच आहे. गेटमन स्वतः पाही आणि स्वतः गाडी थांबवी. जाळ्यात पाहणारी डबी वाघिणीवर, आकडे साठवणारा संगणक दूरच्या शहरात, धोक्याची मर्यादा ठरवणारा अधिकारी आणखी कुठे, आणि गाडी चालवणारा लोको पायलट या सगळ्यांच्या टोकाला. ईस्ट पॅलेस्टाइनला १०३ हा आकडा चालकाला कळला असता, तर त्याने काय केले असते? निदान वेग कमी करून कानोसा घेण्याची संधी त्याला मिळाली असती.

म्हणून हे जाळे घेताना रेल्वेने दोन गोष्टी आधी लिहून ठरवाव्यात असे मला वाटते. कोणता आकडा थेट गाडीवरच्या माणसाला कळवायचा ही पहिली. दुसरी पावतीची. माल पाठवणाऱ्याच्या पावतीवर आज नगांची संख्या असते, वजन असते, भाडे असते, कोठून कोठे ते असते. माल पोचल्यावर तिलाच जोडून वाटेतल्या तापमानाचा आणि हादऱ्यांचा उतारा मिळावा. मागावा न लागता मिळावा. शंभर वर्षांपूर्वी अदलाबदलीच्या स्टेशनांवर कंपन्यांनी एकमेकींसाठी तटस्थ तपासनीस मान्य केला होता. डाळिंबाच्या क्रेटमागे तेवढा एक कागद मान्य करणे त्याहून अवघड नसावे.